सोनेरी पिकअप

सोल्डरिंगचा जळका वास आला की उल्हासनगरचं ते दुकान आठवतं आणि माझं तोंड कडू होतं. माझ्या आठ तारांच्या स्टील गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडून स्पीकरला धाडणारी पट्टी, गेला होता आणि नवा निवडायला आमच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्राचा मालक जातीने आला होता. सुरातलं त्याला एवढंच कळायचं की मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज. दुकानदाराने काचेवर तीन पिकअप मांडले, तर या शहाण्याने एकही न ऐकता सोनेरी उचलला. "स्टेजवर काय चमकेल!" दुकानदारालाच राहवलं नाही. "साईं, ये छह तार का है, इनका गिटार आठ का." "मग कडेच्या दोन तारा वाजवू नकोस," मालक मला म्हणाला, "पब्लिकला काय घंटा कळतंय?" मी मान डोलावली आणि तो पिकअप तिथेच बसवून घेतला. विठ्ठलवाडीच्या जयंतीत पहिलं गाणं संपलं, तशी पुढे बसलेली एक मावशी स्टेजपाशी आली. "बाळा, तुझ्या गिटारचा वरचा सूर कुठं गेला रे?" मालक तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "मावशी, कान तपासून घ्या." त्या माणसाला मी आजही शिव्या घालतो, पण ते वाक्य त्याचं नव्हतं.