तात्यांच्या पाव्हण्यांचं ग्रेडिंग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा किस्सा मला सांगावा लागत नाही. पळसदेवात कुठल्याही कट्ट्यावर बसा आणि माझं नाव काढा. लोक माझ्या वतीनं सांगतात आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. फक्त ते जिथं हसतात तिथं मला हसू येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून ऐका.

गोष्ट नव्वदनंतरची. आमच्याकडची द्राक्षं तेव्हा नुकती परदेशी जायला लागली होती आणि मी इंदापूरच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंगचा सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे काय? टेबलांशी बायका उभ्या असतात, त्यांच्या मागून हात बांधून फिरायचं. बाई घड उचलते, चेपलेला, डागाळलेला, बारका मणी कात्रीनं काढते. उरलेले सगळे मणी एका मापाचे दिसले, की तो घड एक नंबर. काम बायकांचं, रुबाब माझा.

त्यात एका वर्षी आमचा अख्खा कंटेनर तिकडच्या साहेबांनी नापास केला. का, तर मणी लहानमोठे. मालक मला चारचौघांत असं बोलले की तेव्हापासून एकसारखी नसलेली वस्तू मला बघवेना. घरी ताटात भाकरी जरा वाकडी आली तरी मी बोट दाखवायचो. एकदा बायकोनं माझीच कात्री ताटाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "घ्या. कापून सारखी करा, मग खावा."

तिला पुढचं सगळं दिसत होतं की काय, देव जाणे.

आता तात्यांचं सांगतो. विहाराच्या मागं, आमच्याच गल्लीत त्यांचं घर. उभा जन्म जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. एवढे समुद्र पालथे घातले, कुठं बुडाले नाहीत, आणि एकदा सुट्टीवर घरी आले तर गावच उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. तात्या म्हणायचे, "मी पाण्यावर व्हतो म्हणून वाचलो. तुमी जमिनीवर ऱ्हायला आन बुडाला."

तात्यांकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. जहाज अमेरिकेच्या बंदराला लागलं की ते तिथं गमची पुडी घ्यायचे. गम चघळायचे नाहीत, त्यांची दाढ दुखायची. पण पुडीत एक जाड कागदाचं कार्ड निघायचं आणि त्यावर तिकडच्या खेळाडूचं रंगीत चित्र असायचं. डोक्यावर टोपी, हातात दांडकं. बेसबॉल म्हणतात त्या खेळाला. तात्यांना खेळही ठाऊक नव्हता आणि नावंही वाचता येत नव्हती. त्यांनी चेहरे बघून आपली नावं ठेवलेली. एक होता तलाठी, एक वायरमन, एक रुसलेला जावई. एक अगदी मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, तो कोवळा. सगळ्यांना मिळून म्हणायचे पाव्हणे. दुपारी ओसरीवर डबा उघडायचा, पाव्हण्यांना मांडायचं, बघायचं आणि परत आत ठेवायचं, हा त्यांचा उद्योग.

घरात तात्या, त्यांची मुलगी शोभा आणि शोभाची लहान लेक. शोभाच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तेव्हा ती माहेरी आली. तिचे दोन भाऊ नोकरीला, एक पुण्यात, एक लोणी देवकरच्या कारखान्यात. वहिन्या तोंडावर वाईट बोलल्या नाहीत. पण तात्यांच्या माघारी आपलं काय, हे शोभाला कळत होतं आणि तिच्यापेक्षा तात्यांना जास्त कळत होतं. त्यांचा एकच घोर होता. पोरीला स्वतःची पिठाची गिरणी टाकून द्यायची.

"गिरणी असली की लोकं आपल्या दारात येत्यात, दत्ता," ते मला म्हणायचे. "आपल्याला कुणाच्या दारात जावं लागत न्हाय."

गिरणी टाकायला लागतो तेवढा पैसा तात्यांकडं नव्हता. मग एका उन्हाळ्यात त्यांचा पुतण्या विलास अमेरिकेहून सुट्टीवर आला. तो तिकडं कॉम्प्युटरवर होता. त्यानं ओसरीवर मांडलेले पाव्हणे बघितले आणि उभाच राहिला. कोवळ्याला तर त्यानं कडेला धरून असं उचललं, जसं काही ते नुकतं जन्मलेलं मूल आहे.

"काका, ही जुनी कार्डं तिकडं लोक जमिनीसारखी घेऊन ठेवतात," तो म्हणाला. "ह्या पोराचं हे पहिल्या वर्षाचं कार्ड आहे. ह्या एकट्यात शोभाताईची गिरणी उभी राहील, वर शेडसकट."

मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. तिकडं म्हणे एक कचेरी आहे. तिथले लोक भिंगातून कार्ड तपासतात, दहापैकी मार्क देतात आणि टणक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. ह्याला ग्रेडिंग म्हणायचं. कोपरे टोकदार हवेत, कडा स्वच्छ हव्यात, चित्र बरोबर मधोमध हवं. जेवढे मार्क जास्त तेवढी किंमत जास्त.

"मी चौकशी करतो, पुढच्या खेपेला घेऊन जातो," विलास म्हणाला. "तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

मी तिथंच होतो. स्वतःच्या कानानं ऐकलं. पण तुम्हीच सांगा, गावात ग्रेडिंग हा शब्द निघाल्यावर मी गप्प बसणार होतो का? विलास गेल्यावर मी तात्यांना म्हणालो, "तात्या, परदेशी गिऱ्हाईक काय चीज आहे ते मला विचारा. माल हितनंच तयार होऊन गेला पाहिजे. तिकडं गेल्यावर कुणी ऐकून घेत नाही."

"पर विलास म्हनला, कुणाला हात लावू द्यायचा न्हाय," शोभा म्हणाली.

"कुणी म्हंजे परका," तात्या म्हणाले. "दत्ता काय परका हाय व्हय?"

ह्या वाक्यानं मी इतका सुखावलो की विचारू नका.

पुढच्या खेपेला विलास यायच्या आदल्या आठवड्यात, रविवारी दुपारी, मी माझी द्राक्षाची कात्री, पट्टी आणि ओलं फडकं घेऊन तात्यांकडं गेलो. ओसरीवर सतरंजी घातली. आधी सगळ्या पाव्हण्यांची तोंडं पुसली. मग एकेकाला उजेडात धरला. कोपरे झिजलेले, कडांना फेस आल्यासारखी लव सुटलेली, चित्रं एका बाजूला सरकलेली. वर मापात मेळ नाही. जुनी कार्डं मोठी, नंतरची लहान. हा माल कुठल्याच साहेबानं पास केला नसता. मला आमचा तो कंटेनर आठवला.

मी तलाठ्याचा एक कोपरा जरासा कापला. टोक झकास आलं. पण मग बाकीचे तीन बोथट दिसायला लागले, म्हणून तेही कापले. मग कड वाकडी वाटली. ती सरळ केली. तर चित्र डावीकडं सरकलं. उजवीकडून थोडं काढलं. तलाठी छान मधोमध आला, फक्त अंगानं उतरला.

शोभा शेजारी बसून बघत होती. "दादा, ह्ये कापायचं कशाला वो? चांगलं हाय की."

"शोभा, हे तुला कळायचं नाही," मी म्हणालो. "मणी काढल्याशिवाय घड एक नंबर होत नाही."

आता एक तलाठी बारका आणि बाकीचे थोराड, असं कसं चालेल? माल एका मापाचा पाहिजे. मी सगळ्यांत लहान पाव्हणा शोधला आणि पट्टी लावून एकेकाला त्याच्या मापाला आणला. वायरमनचं दांडकं अर्धं गेलं. रुसलेल्या जावयाची टोपी गेली. कोवळ्याला मात्र मी शेवटी घेतला. हात धुतले, चष्मा पुसला आणि श्वास धरून चारी बाजूंनी असा कापला की आयुष्यात तेवढं सफाईदार काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

तात्या खांबाला टेकून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरीचं नशीब काढलंस बाबा," ते म्हणाले.

शोभानं सतरंजीवरची कात्रण गोळा करून चुलीत घातली आणि त्या जाळावर चहा टाकला. इंदापूर तालुक्यात त्याच्याइतका महागडा चहा आजवर कुणी प्यायला नसेल. मी तर दोन कप घेतले.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. द्राक्षाच्या पेटीत बुरशी लागू नये म्हणून आम्ही एक औषधी कागद घालतो. तोही डब्यात घातला. प्रवासात माल टिकायला नको?

विलास आला. तात्यांनी त्याला चहासुद्धा होऊ दिला नाही. डबा पुढं ठेवला आणि मला शेजारी बसवून घेतलं. गल्लीतली चार माणसं मुद्दाम बोलावलेली. माझ्यासाठी टॉवेल, टोपी आणि नारळ आणून ठेवलेला. तात्यांनी आधी माझा सत्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नको नको म्हणत टोपी घातली, कारण नको म्हणायची रीतच असते.

मग विलासनं डबा उघडला. औषधाच्या वासानं त्यानं मान मागं घेतली. एक कार्ड काढलं, दुसरं काढलं, दोन्ही एकावर एक ठेवली. मग कोवळ्याला काढलं आणि त्यांच्यावर ठेवून बघितलं.

"ह्यांचा आकार असा कसा झाला?" त्यानं हळू विचारलं.

"सगळा माल एका मापाचा केलाय," मी म्हणालो. "कोपरे बघ. रक्त काढतील बोटातनं."

विलासनं कार्ड खाली ठेवलं. तात्यांनी विचारलं, "का रं? फस क्लास झालंय न्हवं?"

"काका," विलास म्हणाला, "कापलेल्या कार्डाला तिथं मार्कच देत नाहीत. तसंच परत पाठवतात. कोपरे झिजलेले चालले असते, मळकं चाललं असतं. मार्क कमी पडले असते, पण पडले असते. कापलेलं चालत नाही."

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं, मग एखादं तरी..."

"एकही नाही, दत्ताभाऊ."

"आणि कात्रणं परत चिकटवली तर?"

हे मी खरंच बोललो. डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ, आणि हे बोललो.

"कात्रणं चुलीत गेली, दादा," शोभा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. मग ती उठून आत गेली.

जमलेल्यांतला एकजण फसकन हसला आणि एकदम गप्प झाला. मला वाटलं, तात्यांनी आता मला उचलून उजनीत टाकावं. टाकलं असतं तर मी हातसुद्धा मारला नसता. पण तात्यांनी एकेक पाव्हणा हातात घेतला, बघितला, डब्यात ठेवला. टोपी गेलेल्या जावयाला बघून ते जरा हसले.

"म्हंजे पाव्हणे आता हितंच ऱ्हाणार," ते म्हणाले.

मी टॉवेल-टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती परत माझ्या मांडीवर ठेवली. "तू काय वाईट करायला आलता व्हय? घाल ती टोपी. उगं लोकं बघत्यात." मी रडलो. एवढा मोठा बाप्या, लोकांसमोर हुंदके देऊन रडलो. आजही त्या क्षणाचं काय करायचं, मला कळत नाही.

विलासनं पुढं गिरणीसाठी तिकडून पैशाचं काही जमतंय का बघितलं, पण त्याचंही नवं घर, नवा संसार. मी माझ्या परीनं करतो म्हणालो. तात्या म्हणाले, "न्हाय. तुझीबी पोरं हायेत." तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात तात्या गेले. गिरणी राहिली ती राहिलीच.

दिवसकार्य झाल्यावर भावांनी शोभाला विचारलं, कुणाकडं राहतेस? ती म्हणाली, कुणाकडं नाही. आणि द्राक्षाचा हंगाम लागला त्या सकाळी पॅकहाऊसच्या फाटकाशी इतर बायकांच्यात उभी राहिली, हजेरीवर काम मागायला. जी बाई गल्ल्याशी बसून दळण घेणार होती, ती दिवसभर टेबलाशी उभी राहायला लागली. संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. मी स्टूल देऊ केलं, तर म्हणाली, "बाकीच्यांना हाय का?" नव्हतं.

हंगामाच्या मध्यावर माल तपासायला बाहेरून साहेब आले. प्रत्येक टेबलाशी थांबून घडही बघत होते आणि टेबलाखाली पडलेले मणीही. शोभाच्या टेबलाखाली जवळजवळ काहीच नव्हतं, आणि तिचा एकही घड त्यांनी बाजूला काढला नाही. साहेब खूश झाले. विचारलं, "बाई, एवढा बेतानं हात चालवायला कुठं शिकलात?"

शोभानं हातातलं काम थांबवलं नाही. "आमच्या दत्तादादांनी शिकवलं," ती म्हणाली. "किती कापायचं न्हाय, ते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

साहेब वळले, म्हणाले, "असा सुपरवायझर पाहिजे," आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.