टिळेकर मॅडमच्या दोन नळ्या

टिळेकर मॅडम नव्या विद्यार्थ्याला दिल्लीतल्या प्रयोगशाळेच्या आधी फरीदाबादला न्यायच्या. तिथल्या एका दवाखान्यात थायरॉइडच्या बायका बाकावर बसलेल्या असत. कुणाचा गळा सुजलेला, कुणाचे केस गळालेले. "आधी नाव विचार, काय होतंय ते विचार, मग सुई लाव," असं त्या बजावत. उदगीरहून दिल्लीला आलेली, मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी मी मोडक्या हिंदीत पहिल्यांदा बोलले ती कमलेशशी. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची आणि दुपारपर्यंत थकून जायची.

अशा बायकांच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीला शत्रू समजून तिच्यावर तुटून पडतात. या लढणाऱ्यांना आवरणाऱ्या पेशीही रक्तातच असतात. त्या आवरणाऱ्या पेशी हा आमचा विषय. "अगं रेहाना, मारणारे पुष्कळ असतात," मॅडम म्हणायच्या, "पण शरीरानं आवरणारेही घडवले, याचं मला रोज नवल वाटतं." हे बोलताना देवघरात असल्यासारखा त्यांचा आवाज खाली यायचा.

तीन वर्षं मी पेशी मोजल्या. आजारी बायकांमध्ये आवरणाऱ्या पेशी कमी भरत होत्या. आम्हाला हवं तेच उत्तर! लेख लिहून तयार होता, माझी फेलोशिप संपत आली होती. तेव्हा मेट्रोसाठी रस्ते खणलेले होते. एका दुपारी रक्ताच्या नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन आम्ही फरीदाबादहून परतताना बदरपूरला तासन्‌तास अडकलो. मॅडम त्या पेटीकडे बघत होत्या.

"निरोगी लोकांचं रक्त आपण कुठून घेतो गं?"

"आपल्याच मजल्यावरून, मॅडम."

"म्हणजे ते पाच मिनिटांत यंत्रापाशी पोचतं. आणि कमलेशचं?"

मी मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं; तिचं रक्त सकाळपासून त्या पेटीतच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाही वर केली आणि स्वतःच्या रक्ताच्या दोन नळ्या भरायला लावल्या. एक लगेच मोजली. दुसरी त्याच पेटीतून फरीदाबादला जाऊन संध्याकाळी परत आली. तिच्यात आवरणाऱ्या पेशी कमी भरल्या, अगदी आमच्या रुग्णांइतक्याच. मी योगायोग म्हणाले, तर त्यांनी आणखी तीन दिवस रक्त दिलं. हात काळानिळा झाला.

"मॅडम, माझी तीन वर्षं गेली!" मी रडू लागले.

"माझीही गेली. आधी स्वतःवर शंका घ्यायची, मग निसर्गावर. लेख जाणार नाही." त्याच दिवशी त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं: चूक पूर्णपणे माझी आहे, विद्यार्थिनीला मुदतवाढ द्यावी.

मग त्या दवाखान्यात जाऊन बाकासमोर उभ्या राहिल्या. "बहनजी, आपका खून लेकर हमने ग़लत नतीजा निकाला. ग़लती मेरी है. फिर से देंगी?"

कमलेशनं विचारलं, "ये बताने आप ख़ुद आईं?" आणि हात पुढे केला. "लो जी."

या वेळी निरोगी लोकांचं रक्तही फरीदाबादमधूनच घेतलं, त्याच पेटीतून आणलं. दोघांची मोजणी सारखी आली. मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र वाढवून पाहिल्या, तेव्हा आजारी बायकांच्या आवरणाऱ्या पेशींना लढणाऱ्या आवरेनात. मॅडम आलेखाकडे बघत राहिल्या. "सगळ्या जागेवर होत्या गं. आपण त्यांची गैरहजेरी मांडून मोकळे झालो होतो."

निवृत्तीनंतर त्या नोएडात राहिल्या. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तेव्हा सांगितलं, की नव्या अभ्यासांवरून आमचं उत्तरही अर्धवटच दिसतंय; काही रुग्णांत त्या पेशी खरोखरच कमी असाव्यात. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या उशीला टेकून उठून बसल्या. डोळे लकाकत होते.

"म्हणजे अजून शिल्लक आहे! सांग, पहिल्यापासून सांग."

मी सांगत गेले. गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलीसारख्या त्या ऐकत होत्या. त्यानंतर त्या आठवडाभरच होत्या.