ग्रुपचे नाना

दिपमाला पाटील ही साक्रीची सून. वय चौतीस. तिला मी चार वर्षं ‘नाना’ म्हणत होतो आणि त्या चार वर्षांतला निम्मा वेळ तिच्याशी भांडण्यात घालवत होतो. यात तिचा काही दोष नाही. फोनमधलं सिमकार्ड तिच्या सासऱ्यांचं, त्यामुळे आमच्या व्हिडिओ गेमच्या ग्रुपवर नाव दिसायचं मोतीलाल पाटील आणि शेजारी पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्याचा फोटो. आपल्याकडे असा फोटो पाहिला की माणूस आपोआप सरळ होऊन बसतो. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, नाना, तुम्ही कोणत्या कन्सोलवर खेळता? तिनं ‘मी त्यांची सून’ असं टाइप केलं आणि पुसून टाकलं.

का पुसलं, ते मला फार उशिरा कळलं. त्याआधी ती दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपवर स्वतःच्या नावानं गेली होती. आठ दिवस टिकली. अर्ध्या लोकांनी फोटो मागितला आणि उरलेले ‘ताई, ताई’ करत तिला कोणतं बटण कशाला असतं ते शिकवू लागले. ज्या गेममध्ये ते दुसऱ्या टप्प्यावर अडकले होते, तो हिनं दोनदा संपवला होता.

मी हितेंद्र. पाचोऱ्यात एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. ‘खान्देश कन्सोल कट्टा’ हा त्रेसष्ट जणांचा ग्रुप मी काढला, पण चालवला नानांनी. माझं डोकं लवकर तापतं. ऑनलाइन गेममध्ये हरलेली पोरं रोज एकमेकांच्या आयाबहिणी काढायची आणि मी दोघांनाही काढून टाकायचो. अशानं ग्रुप रिकामा व्हायची वेळ आली होती. नानांनी नवा नियम केला. जो आईवरून शिवी देईल त्यानं आपल्या आईला विचारून तिच्या हातच्या एका भाजीची पूर्ण कृती ग्रुपवर टाकायची. टाकेपर्यंत गेमबद्दल एक शब्द बोलायचा नाही. महिनाभरात आमच्याकडे शेवभाजीच्या सात कृती आणि पातोड्यांच्या चार झाल्या. शिव्या जवळजवळ थांबल्या, कारण आया विचारायला लागल्या की हे तुला एकदम कशाला हवं झालं.

नानांची मतं ठाम असायची. मोबाइलवर गोळ्या झाडणं म्हणजे खेळ नव्हे, अंगठ्यांची कसरत. सोपी पातळी निवडून खेळण्यात कमीपणा नाही. ज्याला दिवसाकाठी एकच तास मिळतो त्यानं तो मरण्यात का घालवावा? गोष्ट चांगली असेल तर चित्रं जुनी चालतात. आणि सगळ्यात मोठं मत म्हणजे गेम डिस्कवरच घ्यावा. डिस्क आपल्या घरात राहते, भावाला देता येते, पाच वर्षांनी पुन्हा लावता येते. डाउनलोड केलेला गेम म्हणजे भाड्याची खोली, मालक कधीही बाहेर काढेल.

इथंच आमचं वाजायचं. मी डाउनलोडवाला. आमच्या पाचोऱ्याच्या धुळीत डिस्क दोन वर्षांत मरते, हे मी पुराव्यासह सांगायचो, पार फोटो काढून. नाना म्हणायचे, डिस्क मेली नाही, तुम्ही मारली, पुसायला शर्ट वापरता. भांडण रंगलं की बाकीचे एकसष्ट जण गप्प बसून वाचायचे. खोटं कशाला बोलू, दिवसभर कापसाच्या गाड्या मोजताना मी मनात नानांना उत्तरं तयार करत असायचो. इतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नव्हता.

दिपमालाचं माहेर पिंपळनेरचं. लहानपणी भावानं बाजारातून कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणला. भाऊ कंटाळला, हिनं तो उन्हाळाभर खेळला. लग्नानंतर नवऱ्याचं, नवलचं, धूळ खात पडलेलं कन्सोल तिच्या हाती आलं. दुपारी कामं आटोपली की एक तास तिचा. सासरे शेजारच्या खाटेवर पडून बघायचे आणि हा माणूस कोण, तो कशाला पळतो, असं विचारत राहायचे. तिनं सगळं सांगावं, अगदी आमची भांडणंसुद्धा वाचून दाखवावीत.

मागच्या जानेवारीत ग्रुपनं ठरवलं की सगळ्यांनी एकदा भेटायचं. आमच्या शेतात भरीत पार्टी. मुख्य पाहुणे अर्थातच नाना. नानांनी तीनदा टाळलं. शेवटी मी लिहिलं की गाडी घेऊन साक्रीला येतो, उचलून आणतो. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. दिपमाला रडकुंडीला आली. तिला नवऱ्याची भीती नव्हती, सासूची नव्हती. भीती एकच. मी बाई आहे हे कळलं की हे लोक माझ्याशी भांडायचे थांबतील. मोतीलाल नाना म्हणाले, त्यात काय, मी जातो. फोटो माझा, नाव माझं, जेवण भरताचं.

आणि आले. धुळ्यापर्यंत एसटीनं, पुढं मी गाडीत घेतलं. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. म्हातारा बाजेवर ऐसपैस बसला आणि पोरांनी प्रश्न विचारले तशी उत्तरं देत गेला. चार वर्षं खाटेवरून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. डिस्कबद्दल तर त्यांनी मला सगळ्यांसमोर असं झापलं की मला गहिवरून आलं. कोणालाही शंका आली नाही.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत झालं. मग आम्ही आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नारळ, टॉवेल आणि टोपी काढली. ग्रुप शिस्तीत ठेवला म्हणून सत्कार. मी टोपी घेऊन पुढं झालो, तर म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. खाणं आणि गप्पा त्यांना चालल्या होत्या. दुसऱ्याच्या सत्काराची टोपी डोक्यावर घेणं चालेना.

“हाऊ मान मना नई भो,” ते म्हणाले. “मी फक्त फोटो शे. खेयस ती मनी वहू, दिपमाला. तिले तुम्हनासंगे भांडाले आवडस.”

मग एकानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. नारळ आणि टॉवेल सुनेसाठी म्हणून त्यांच्या पिशवीत दिले. टोपीचं काय करायचं ते कळेना, तीही दिली. मला वाटलं, प्रकरण फार छान मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुप सभ्य झाला. ‘नमस्कार ताई.’ ‘बरोबर आहे ताई.’ ‘तुम्ही म्हणाल तसं ताई.’ एकानं खासगीत नको ते लिहिलं, त्याला तिनं काढून टाकलं. त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. पण तिनं मत मांडावं आणि खाली नुसती अंगठ्यांची रांग लागावी, हे सुरू झालं. मीसुद्धा हात आखडता घेतला. परक्या घरच्या सुनेशी चारचौघांत वाद कसा घालायचा? मला ते संस्कार वाटत होते.

तीन आठवड्यांनी तिनं लिहिलं, ‘डिस्कचा जमाना गेला. डाउनलोडच बरं. हितेंद्रभाऊंचं पहिल्यापासून बरोबर होतं.’ खाली अठ्ठावन्न अंगठे. त्यात पहिला माझा. मी जिंकलो होतो, त्या आनंदात मी मित्राला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर असताना मोतीलाल नानांचा फोन आला.

“हितेंद्र, चार वरीस ती तुनासंगे भांडनी. काल एक दिनमा हारी गई, नि तुले खरं वाटनं? ती काल जेवनी नई.”

ती आम्हाला तपासत होती. साधं खोटं ओळखता येईल इतकं तरी तिला ओळखणारा कोणी उरलाय का, हे बघत होती, आणि सगळ्यात आधी नापास झालो मी. अशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी अंगठा काढून टाकला आणि लिहिलं, ‘नाना, कालचं तुमचं मत तुम्हालाच पटलेलं नाही. खोटं बोलताय. मुद्दे द्या, नाहीतर ग्रुपची माफी मागा.’

लगेच चौघं माझ्यावर धावून आले. ताईंशी असं बोलतात का, लाज वाटते का वगैरे. तेवढ्यात नानांच्या नावापुढे ‘लिहीत आहे’ असं दिसायला लागलं. बराच वेळ तेच दिसत राहिलं. काट्यावर दोन ट्रॅक्टर येऊन थांबले, मालकानं ऑफिसातून हाक मारली, मी हललो नाही.

मग आलं. ‘हितेंद्र, चार वर्षांत तुम्ही एकही मुद्दा धड मांडलेला नाही. आता नीट वाचा.’ खाली अकरा मुद्दे होते. त्यातले नऊ मला मनापासून पटले. मी उरलेले दोन धरले आणि लिहायला बसलो.