समोरच्या स्टँडमधला नमस्कार

थंडीत खिशात ठेवायच्या गरम पुडीचा लोखंडी वास आला, की नव्वदच्या दशकातला जपानी विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलचा तो अंतिम सामना आठवतो. जिंकलं माझं विद्यापीठ. हरलेल्या संघात माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा भाऊ होता. परदेशी जावई नको म्हणून मला भेटायलाही तयार नसलेले तिचे वडील समोरच्या स्टँडमध्ये होते. सामना संपल्यावर तिथल्या रीतीने आम्ही हरलेल्यांच्या नावाचा जयघोष केला, तसे तिचे वडील उठले आणि आमच्या दिशेने कमरेतून वाकले. “आत्ता जा, भेट त्यांना,” ती म्हणाली. “आज नको, मुलगा हरलाय त्यांचा,” मी म्हणालो. पुढे आमच्या लग्नालाही ते आले नाहीत. तो नमस्कार अख्ख्या स्टँडला होता हे कळतं, तरी आता त्यांच्या फोटोपुढे वाकताना मी तोच परत करत असतो.