फुटक्या स्पीकरचं चुंबक
रेड ऑक्साइडचा, पत्र्याला गंज धरू नये म्हणून लावायच्या तांबड्या रंगाचा, वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. मी बीए झालो, घरातला पहिला पदवीधर, त्याच वर्षी परंदवडीच्या आमच्या अंगणात, जिथे वडील गाड्यांचं पत्राकाम आणि रंगकाम करायचे, लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याची जुनी मोटार दोन महिने उभी होती. गंजून चाळण झालेला पत्रा वडिलांनी कापून काढला, नवा पत्रा ठोकून, वाकवून जोडला आणि घासून असा सपाट केला की हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. गाडी न्यायला मालक आले तेव्हा सोबत त्यांचा मित्र होता. तो आमच्यासमोरच इंग्रजीत म्हणाला, ही माणसं भोकांत पुट्टी कोंबतात आणि वरून रंग मारतात. "काय म्हंत्यात सायब?" वडिलांनी मला विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. वडील घरात गेले आणि त्यांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक आणून त्या मित्राच्या हातात दिलं. "लावून बगा. पुट्टीवर धरत न्हाई ते." दरवाज्यांना, मडगार्डला चुंबक टणकन चिकटलं. बॉनेटवरून मात्र घसरून खाली पडलं. "ते आमचं न्हाई," वडील म्हणाले, "ते तुमी पुण्यात करून आणलं व्हतं." मालक ओशाळं हसले. मित्र वडिलांशी एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "शिकलेला दिसतोस." आणि मी चक्क थँक यू म्हणालो. त्या माणसाचा राग आहेच, पण आज माझाच जास्त येतो, कारण तेव्हा वडील शेजारी वाकून मातीतलं चुंबक उचलत होते.