कोपऱ्यातल्या डब्याची पूजा

आता शाळेत मुलींच्या हातात टॅब आहेत आणि माझी कॉम्प्युटरची खोली उरलेली नाही. टॅब चांगलेच आहेत, मी कुठे नाही म्हणतेय? पण त्यांना आवाज नाही. आमच्या खोलीत चौदा कॉम्प्युटरांचे पंखे एकदम घुरघुरायला लागले की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. फार आठवण येते हो त्या आवाजाची.

धायरीतल्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायचे. चौदाही मशिनं म्हातारी, चालू होईपर्यंत निम्मा तास संपायचा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "संग्रहालय छान आहे. दसऱ्यानंतर शाळा उघडेल त्या दुपारी मी येईन. नीट चालताना दिसले तर ठीक, नाहीतर हे भंगारात आणि खोलीत खेळाचं सामान." एवढं बोलून निघूनही गेल्या. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आयटीत होती. तिने एक दणकट मशीन आणलं, त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि चौदाही म्हातारे त्याला वायरींनी जोडून दिले. म्हणाली, "बाई, आता डोकं चालवायचं काम या एकट्याचं. बाकीच्यांनी फक्त पडदा दाखवायचा." ते नवं मशीन म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला नुसता डबा, त्याला स्वतःचा पडदाच नव्हता. पण काय सांगू, म्हातारे असे पळायला लागले की मला रडूच आलं.

खोली झाडणाऱ्या मावशी गावातल्याच. त्यांना मी बजावलं, "मावशी, हा डबा भंगार समजू नका बरं का. सगळ्यांचा जीव यात आहे."

"व्हय बाई, ध्यानात हाय."

इतकं ध्यानात राहिलं, की खंडेनवमीला त्यांनी चौदांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल वाहिलं, आणि त्या डब्यापुढे मात्र नारळ फोडला. ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं नारळाचं पाणीही शिंपडलं, वरच्या जाळीतून थेट आत.

शाळा उघडली त्या सकाळी मी बटण दाबलं. फट्! जळका वास आला आणि चौदाही पडदे काळे. मावशींनी कौतुकाने पूजेचं सांगितलं आणि माझा तोल सुटला. मुलींसमोर ओरडले, "अक्कल आहे का तुम्हाला? यातलं काही कळतं का? हात कशाला लावलात?" मावशी झाडू घेऊन बाहेर गेल्या.

विद्यार्थिनीला फोन केला, ती धावत आली. नशीब, डब्याला वीज पुरवणारा भागच तेवढा जळला होता. तिने एका म्हाताऱ्याचा तोच भाग काढून डब्यात बसवला. दुपारी मोठ्या बाई आल्या तेव्हा तेरा पडद्यांवर मुली निबंध टाइप करत होत्या.

"चौदावा?"

"तो आधीच गेला होता," मी ठोकून दिलं.

"न्हाई," दारातून मावशी म्हणाल्या. "माझ्यापायी गेला. नारळाचं पाणी घातलं म्या."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तेरा पुरेत. मावशी, पुढच्या वर्षी नुसतं फूल." खोली वाचली.

मी मात्र शरमेने मेले. ज्यांची अक्कल काढली, त्या खरं बोलल्या आणि मी शिकलेली बाई खोटं. तास सुटल्यावर मी माफी मागितली. खुर्ची ओढून म्हटलं, "बसा, मावशी. मी शिकवते. तुमचं नाव टाइप करू या."

त्या हसल्या, पण हात पदराखाली घेतले. "ऱ्हाऊ द्या, बाई. राग न्हाई माझा. पर माझा हात नगं लागाया."

खोली होती तोवर फरशी त्या रोज पुसायच्या. कॉम्प्युटरांवरची धूळ मात्र शेवटपर्यंत मलाच पुसावी लागली.