माझ्या पँटमधला चिवडा आणि मोंबासा

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि मोंबासाच्या विमानतळावर स्वतःच्या पँटमध्ये चिवडा भरला जाताना पाहणाराही पहिला मीच.

सुट्टी समुद्रावर घालवायची, यावर आमच्या अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या घरात एकमत होतं. कुठल्या समुद्रावर, यावर नव्हतं. बायको मधुरा म्हणाली, "साउथ कॅरोलिनाला जाऊ. ड्राइव्ह करून जाता येतं." पण मला मोंबासानं झपाटलं होतं! आपल्याकडची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर थेट तिथं जायची म्हणे. कशी पोचत असतील? पोर्तुगीजांचा किल्ला, ओमानचे सुलतान, कोरीव दरवाजे, वर पांढरी वाळू! मी सगळं वाचून काढलं.

"ट्रिप फसली तर पुढच्या सगळ्या सुट्ट्या मी प्लॅन करणार," मधुरा.

"मंजूर!" (माणूस शिकला की असा बोलतो.)

यवतमाळहून आलेल्या आईनं सामान बांधलं. लाडू पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. चिवडा, शेव, चपला, सगळं तसंच. सिंकखाली वर्षानुवर्षं जपलेल्या किराण्याच्या पिशव्यांचं अखेर सोनं झालं.

मोंबासाला तपासणीवरच्या बाईंनी हसून सांगितलं, केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. सगळ्या इथंच सोडा.

"सुलतानांची नावं पाठ आहेत ना?" मधुरानं गोड आवाजात विचारलं.

"डॅड, इट्स लाइक, द फर्स्ट थिंग ऑनलाइन!" आमची निधी.

आई मात्र कामाला लागली होती. माझ्या पँटच्या पायांना खाली गाठी मारून एकात चिवडा, दुसऱ्यात शेव. शर्टांच्या बाह्यांत लाडू.

"आई, माझेच कपडे का?"

"मंग काय सुनेच्या नव्या ड्रेसले तेलाचे डाग पाडू? अन् सोडू नको गाठी, चिवडा मऊ पडते!"

उरली अंगावरची पँट. ती दुसऱ्या दिवशी पहिल्याच लाटेत भिजली. किल्ला तर बघायचाच होता! मी बाजारात जाऊन एक झकास रंगीत सुती कापड घेतलं. विकणारीनं विचारलं, "बायकोसाठी?" मी छाती काढून म्हणालो, "छे, माझ्यासाठी!" ती खूप हसली. (किती आनंदी लोक, असं मला वाटलं.)

ते कमरेला गुंडाळून मी किल्ल्याच्या तटावर उभा राहिलो आणि घरच्यांना पोर्तुगीजांपासून इतिहास सांगायला सुरुवात केली. खाली निळं पाणी, शिडाच्या होड्या. हळूहळू गर्दी जमली. शाळेची सहल थांबली. फोटो निघू लागले.

"बघ," मी मधुराला म्हणालो, "अभ्यासाला मान असतो."

तेवढ्यात सहलीच्या शिक्षिका जवळ आल्या. "सर, हा कांगा आहे. आमच्याकडे बायका नेसतात. त्यावर म्हण छापलेली असते."

"काय लिहिलंय?"

"शिक्षणाला शेवट नसतो."

मधुरा तटाला धरून खाली बसली. निधीच्या डोळ्यांतून पाणी. आई तेवढी गंभीर होती. "कापड चांगलं आहे पण," म्हणाली.

परतल्यावर पैजेचा निकाल आईकडे गेला. किल्ला, समुद्र, टपरीवर मिळालेली गरमागरम चपाती आणि भजी, सगळं तिला आवडलं होतं. ती म्हणाली, "ट्रिप नाही फसली. पोट्टा फसला." म्हणजे पैज मी जिंकलो!

तो कांगा आता दिवाणखान्यात माझ्या डिग्रीशेजारी फ्रेम करून लावलाय. पाहुणे आले की त्याच्यासमोर उभे राहून पोट धरधरून हसतात. डिग्रीबद्दल अजून एकानंही विचारलेलं नाही.